दोन घरचे उपास

गारखेडा,
१२ जून २०२४

सौ. चतुराबाई विहीणबाईंना विशाखाचा नमस्कार.

फोनच केला असता, पण तुमच्या कानांचं मला माहीत आहे. आणि कृष्णारावांना मध्ये घालून अशा बायकांच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे जावयासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून पत्र लिहिते.

राजनंदिनी परवा दोन दिवस माहेरी येऊन गेली. लेक माझी, म्हणून मला जास्त दिसतं म्हणा, पण तिचा रंग पार उडालाय. आमचा एवढासा जिना, तो चढतानाही कठड्याला धरून थांबली. मी तिला सरळ स्वरदा डॉक्टरांकडे नेलं. गेल्या दिवाळीत, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पाठीचा कणा मिटलेला नाही असं दिसलं आणि आपल्याला ते बाळ सोडून द्यावं लागलं, तेव्हा याच डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, पुन्हा दिवस राहू देण्याआधी हिच्या रक्तातलं फॉलिक ॲसिड तपासायचंच. बाळाचा कणा अगदी पहिल्या महिन्यातच मिटतो, कित्येकदा बाईला स्वतःला कळायच्या आत. त्या वेळी हे जीवनसत्त्व अंगात कमी असलं तर धोका वाढतो. हिरव्या भाज्या, कडधान्यं, काळीज यातून ते पोटात जावं लागतं.

म्हणजे खाण्यातूनच. तुमच्या घरी खायला कमी आहे असं मी म्हणतच नाही. पण विहीणबाई, लेकीचं तोंड पाहून आईला जे वाटायचं ते वाटतंच.

२६ तारखेला सकाळी रक्त द्यायचंय. तिला अनशापोटी पाठवा, चहासुद्धा नको. आणि हे माझं बोलणं मनावर घेऊ नका.

विशाखा


मळ्यातून, सिल्लोड
१६ जून

विशाखाताईंना चतुराबाईचा रामराम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

"खायला कमी आहे असं मी म्हणतच नाही" असं लिहून तुम्ही म्हणालातच की हो. जिल्हा परिषदेत नोकरी करणारी माणसं असंच लिहीत असतील. ताई, आमच्या दारात दोन म्हशी आहेत. मळ्यात पालक, मेथी, शेपू हात लांबवला की मिळतं. तुम्ही तीच मेथी पिशवीतून आणता अन् वर फ्रीजमध्ये ठेवता. माझ्या घरातून आजवर भिकारी उपाशी गेला नाही, तर सून उपाशी राहील काय?

पण पोरगी फिकी दिसते, हे खरं. मलाही दिसतं. मला ऐकू येत नसलं तरी मी आंधळी नाही. ते बाळ तुमचं नातवंड होतं तसं माझंही होतं. तुम्ही दवाखान्यात सगळ्यांसमोर रडलात. मी गोठ्यात जाऊन रडले, एवढाच काय तो फरक.

तपासणी करायची म्हणता तर करू. पण तयारीशिवाय परीक्षेला बसवणारी मी नव्हे. माझा कृष्णा दहावीला होता तेव्हा दोन महिने त्याला मी मळ्यात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. २६ तारखेला आमची सून ताठ मानेनं येईल. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या चुलीला नाव ठेवायला जागा राहणार नाही, एवढं बघते.

चतुराबाई


गारखेडा,
३ जुलै

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

आधी चांगली बातमी सांगते, कारण ती सांगायला मला जड जातंय. रक्तातलं फॉलिक ॲसिड उत्तम निघालं. नुसतं पुरेसं नाही, भरपूर. लॅबमधल्या मुलीनं रक्ताची बाटली काळ्या कागदात गुंडाळली होती, उजेड लागला तर ते नासतं म्हणे. एवढ्या निगुतीनं केलेली तपासणी खोटी कशी असेल? तुमच्या चुलीबद्दल मी मनात जे आणलं ते मागे घेते. लिहून देते, फ्रेम करून लावा.

आता दुसरी गोष्ट. तिचं हिमोग्लोबिन फार खाली गेलंय आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तांबड्या पेशी आकारानं मोठ्या दिसतात. अशा मोठ्या पेशी बहुधा फॉलिक ॲसिड नाहीतर बी-बारा कमी असलं की दिसतात. बी-बारा ठीक आहे. थायरॉईड ठीक, यकृत ठीक. आणि फॉलिक ॲसिड तर ओसंडून वाहतंय. स्वरदा डॉक्टरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांनी राजनंदिनीला विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या का?" ती तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "छे हो, तिथं खेड्यात कोण देतंय गोळ्या!" 

आता डॉक्टर म्हणतात, रक्त जिथं तयार होतं तिथंच बघावं लागेल. म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढायचा. १२ तारीख दिलीय. तोवर मूल होण्याचा विचारही नको म्हणाल्या. हाडाच्या आत काय निघेल याचा विचार मी करत नाही असं सगळ्यांना सांगते आणि रात्रंदिवस तोच करते.

राजनंदिनीला मी यातलं अर्धंच सांगितलंय. पण तिला सगळं कळलेलं दिसतं. तुमच्याकडे परत आल्यावर तिच्याकडे लक्ष ठेवा.

विशाखा


मळ्यातून
५ जुलै

विशाखाताई,

पास झाली ना? मग हाडात सुई कशाला? पहिला नंबर आलेल्या पोराला कोणी छडी मारतं का?

मला तुमच्या डॉक्टरांचं काही कळेना. तुम्ही त्यांना नीट सांगितलं नाही वाटतं आम्ही किती तयारी केली ते. आता मी सांगते, ते त्यांना वाचून दाखवा.

तुमचं पत्र आल्यावर मी आठ दिवस हातात घेतले. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी पालकाचं वरण, संध्याकाळी चाकवत. कृष्णानं सिल्लोडहून दोनदा काळीज आणलं. आमच्या शेजारच्या भागूबाईची लेक बाळंतपणाला आलीय, तिला सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळतात. त्यात हे तुमचं फॉलिकच असतं, असं गावात आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंनी सांगितलं. त्यातल्या मागून आणल्या अन् सकाळ-संध्याकाळ एक एक दिली. वर पोरीला बजावलं, हे कुणाला सांगू नको, आपण घरातच नीट खातो असं दिसलं पाहिजे. तुम्ही अनशापोटी पाठवा म्हणाला होतात. पण घरातून उपाशी बाहेर पाठवायची आमच्यात रीत नाही. पहाटे मटकी अन् भाकरी खाऊनच ती गाडीत बसली.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, त्या आठ दिवसांत तिचे सगळे उपास बंद ठेवले. तुमचे सोमवार, गुरुवार अन् माझे शनिवार, चतुर्थी, एकादशी. मारुतीला हात जोडून सांगितलं, देवा, पोरीची परीक्षा आहे, आठ दिवसांची रजा दे.

तेवढी एकच गोष्ट मला आता खुपतेय. परत आल्यापासून पोरगी म्हणते, रजा घेतली म्हणूनच देव कोपला, लगेच हाडात सुईची भाषा आली. आता उपासाला पाणीसुद्धा पीत नाही. मी ओरडले तर तांब्या उचलून आत नेऊन ठेवते.

हाडच पाहिजे असलं तर माझं घ्या म्हणावं. म्हातारीचं हाड आहे, पण पक्कं आहे.

चतुराबाई


गारखेडा,
९ जुलै

चतुराताई,

आजपासून विहीणबाई म्हणत नाही, तेवढा वेळ नाही.

तुमचं पत्र वाचून मी चपला कुठल्या घातल्या तेही न बघता दवाखान्यात गेले. एक माझी होती, एक यांची. स्वरदा डॉक्टरांनी तुमचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मटकीपाशी हसल्या, लाल गोळ्यांपाशी थांबल्या, आणि उपासांचा मजकूर आला तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी सांगितलं ते तुम्हाला कळेल असं सांगते. आपण जी तपासणी केली ती रक्ताच्या पाण्यातल्या फॉलिक ॲसिडची. त्यात चार-आठ दिवसांत काय खाल्लं, तेच मुख्यतः दिसतं. ती म्हणजे चुलीवरची कढई. कढईत आज काय आहे ते दिसतं, पण कणगीत वर्षाचं धान्य आहे की नाही ते कढई सांगत नाही. कणगी म्हणजे तांबड्या पेशी. गेल्या तीन महिन्यांचा हिशोब त्यांच्यात असतो, आणि तो आठ दिवसांच्या काळजानं बदलत नाही. तुम्ही कढई काठोकाठ भरून पाठवलीत आणि डॉक्टरांना वाटलं कणगीही भरलेलीच असणार.

हाडातली सुई तूर्त रद्द. कृष्णारावांना फोन करून राजनंदिनीला काल बोलावून घेतलं आणि पेशींमधलं फॉलिक ॲसिड तपासायला दिलं. आज संध्याकाळी उत्तर आलं. कणगी तळाला गेलीय. चतुराताई, आपली पोरगी नापास झाली, आणि मी दवाखान्याच्या दारात एका अनोळखी बाईला मिठी मारली. काय झालंय ते कळलं. यावर औषध आहे. रोज एक गोळी, आणि जेवण.

आता माझं ऐका. दिवाळीनंतर मी तिला सांगितलं होतं, मूल होईपर्यंत सोमवार कर आणि गुरुवारही सोडू नकोस. तुम्ही तिला तुमचे वेगळे दिले आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर दोन घरची लेक उपाशी. आठवड्यात तीन-चार दिवस साबुदाणा आणि चहा, आणि मी तुमच्या चुलीला नावं ठेवत होते! डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा ती सांगणारच असेल. मीच बोलू दिलं नाही.

आणि आता मोठी अडचण. गोळी ती घेते, पण उपास सोडायला तयार नाही. मी काल समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, पुन्हा तसंच झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"  नवस मीच बोलले होते, मी कुठल्या तोंडानं तिला मोड म्हणू? डॉक्टर म्हणतात, नुसत्या गोळ्यांवर हे अंग उभं राहणार नाही, तिनं जेवलं पाहिजे.

तुम्ही तिच्याजवळ आहात. काहीतरी करा.

तुमची विशाखा


मळ्यातून
१९ जुलै

विशाखाताईंना चतुराचा रामराम.

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. आता मारुतीकडेच जाऊन निस्तरून आले.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. उपास म्हणून नव्हे, घास उतरेना. मी रोज बघत होते ना तिचं ताट! सोमवारी रिकामं, गुरुवारी रिकामं. मनात म्हणायचे, हे तिच्या माहेरचे उपास, विहिणीचं मन कसं मोडावं. अन् शनिवारी माझा असायचा, तो मोजतच नव्हते. आपला उपास कुणाला उपास वाटतो? उरलेल्या दिवशी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. भाजी उरली तर उरली. अन् मेथीला मीठ लावून कडू पाणी पिळून टाकायचं, हे मीच तिला शिकवलेलं. आशाताई म्हणते, त्या पाण्यात अर्धं सत्त्व जातं.

म्हणून म्हटलं, आता गुपचूप काही करायचं नाही. चांगलं केलं तेही गुपचूप केलं अन् घोटाळा झाला.

परवा आषाढी एकादशी होती. सगळ्या गावाला उपास. मी डब्यात बाजरीची भाकरी, पालकाचं वरण अन् न पिळलेली मेथी घेतली अन् पोरीला म्हणाले, "चल माझ्यासंगं." तिला वाटलं देवळात निघालोय. निघालो होतोच. मारुतीच्या पारावर बायका बसल्या होत्या, भागूबाई होती, आशाताई होती. मी देवापुढं उभी राहिले अन् हळूच म्हणाले, देवा, नवस मी बोलले होते, पोरीनं नाही. शनिवार माझा, चतुर्थी माझी, एकादशी माझी. ती फेडणार नाही, मी फेडीन. तिला मोकळं कर.

मला वाटलं मी हळू बोलले. कृष्णा म्हणतो, सिल्लोडच्या स्टँडवर ऐकू गेलं असेल. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. पण बरं झालं, साऱ्यांनी ऐकलं.

मग तिथंच पारावर बसवून तिच्यापुढं डबा उघडला. भागूबाईनं कपाळाला हात लावला. "अगं बया, आषाढीला?"

"व्हय, आषाढीलाच. देवाला बी बघू दे."

पोरगी रडायला लागली. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आई, परत तसंच झालं तर लोक म्हणतील उपास मोडला म्हणून झालं."

"म्हणू दे की. सासूनं मोडला म्हणतील. तुझं नाव कोण घेतंय? पाप लागलं तर मला लागंल, अन् माझं आता काय बिघडवणार हाय देव? माझी पोरं मोठी झाली, कान गेले, दात चाललेत. तू जेव."

"पण तुम्ही रागावला होता ना माझ्यावर? बाळ गेलं म्हणून. म्हणूनच उपास दिले ना मला?"

विशाखाताई, हे तिचं वाक्य तुम्हाला सांगू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. तिला वाटत होतं, आपण दोघींनी तिला शिक्षा दिलीय. आई रागावली म्हणून दोन वार दिले अन् सासू रागावली म्हणून तिथी दिल्या. इतके महिने पोरगी ती शिक्षा भोगत होती, अन् आपण म्हणत होतो किती भाविक आहे.

 पहिला घास मी तिच्या तोंडात घातला. दुसरा तिनं स्वतः घेतला. तिसऱ्याला भागूबाई उठली अन् घरून वाटीभर ताक घेऊन आली.

आता आमच्याकडे ती पहिल्या पंगतीला बसते. कृष्णा अन् त्याचे वडील वाट बघतात. काही मरत नाहीत वाट बघून.

तुमचे सोमवार अन् गुरुवार मी सोडवले नाहीत. तुमच्या देवाशी माझी ओळख नाही. ते तुम्हीच करा.

चतुराबाई


गारखेडा,
२० ऑक्टोबर

चतुराताईंना नमस्कार.

तुमच्या त्या पत्राला उत्तर लिहायला मी तीन महिने घेतले. रोज लिहायला बसायची आणि उठायची.

माझं काम मी त्याच आठवड्यात केलं होतं. वेरूळला जाऊन घृष्णेश्वराला सांगून आले, सोमवार आता माझा. गुरुवारसुद्धा माझा. तुमच्यासारखं मोठ्यानं बोलायचा धीर झाला नाही, पुजाऱ्याला फक्त एवढंच दिसलं असेल की ही बाई फार वेळ उभी आहे. मग राजनंदिनीला फोन करून सांगितलं की मी कधी रागावले नव्हते. ती म्हणाली, "माहीत आहे आई, सासूबाईंनी सांगितलं." तेही तुम्हीच आधी करून ठेवलं होतं.

लग्नाच्या वेळी मी माझ्या बहिणीला म्हणाले होते की घर चांगलं आहे, पण सासू जरा रांगडी आहे. आज तिला सांगितलं की ते वाक्य मी मागे घेत नाही, पण आता ते मी कौतुकानं म्हणते. साऱ्या गावासमोर, आषाढीच्या दिवशी, पोरीच्या वाट्याचा बोल स्वतःच्या डोक्यावर ओढून घ्यायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही. मी शिकले, नोकरी केली, चारजणांत बोलते. पण त्या पारावर मी असते तर आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं असतं. मला तुमचा अभिमान वाटतो, आणि माझी लेक तुमच्या घरात पडली याचा आनंद वाटतो. हे तोंडावर बोलले असते तर तुम्हाला ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू गेलं असतं तर तुम्ही उठून गोठ्यात गेला असता.

आता बातमी. पेशींची तपासणी पुन्हा केली. कणगी भरलीय. हिमोग्लोबिन वर आलं, पेशींचा आकार नेहमीसारखा झाला. स्वरदा डॉक्टर म्हणाल्या, हाडाबिडाचं विसरा. गोळी चालूच ठेवायची, आणि आता दिवस राहायला हरकत नाही. मग मला म्हणाल्या, "आता त्या दोन उपासवाल्यांचं रक्त पाठवा माझ्याकडे." मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते तुमच्याकडूनच शिकले.

दिवाळीला या. यंदा तुम्ही इथं या.

तुमची विशाखा


मळ्यातून
६ जानेवारी २०२५

विशाखाताई,

कुणाला सांगू नका. मीही कुणाला सांगितलं नाही, फक्त तुम्हाला लिहितेय. पोरीला दिवस गेलेत.

 गोळी घेते, जेवते, काम करते. पण मी तिच्याकडे बघितलं की नजर वळवते. तिला भीती वाटते. मलाही वाटते. डॉक्टर म्हणतात धोका कमी केलाय, पण अजिबात नाही असं कुणी लिहून देत नाही. पाचव्या महिन्यातली ती सोनोग्राफी १० एप्रिलला आहे. गेल्या वेळी तिथूनच आपण रिकाम्या हातानं परत आलो होतो.

तुम्ही ऑफिसातून रजा घ्या. मी बाकावर एकटी बसणार नाही.

चतुरा


गारखेडा,
१० एप्रिल, संध्याकाळी

प्रिय चतुराताई,

तुम्ही आत्ता सिल्लोडच्या वाटेवर असाल. सकाळी माझ्याच्यानं काही बोलवलं नाही, म्हणून तुमची गाडी वळली आणि मी लिहायला बसले.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आपण दोघी बसलो होतो. राजनंदिनी आणि कृष्णाराव आत. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बांगडी मनगटात रुतली. मी हात सोडवला नाही. समोरची बाई लेकराला दूध पाजत होती आणि आपण दोघी तिच्याकडे न बघता बसलो होतो. तुम्ही ओठांत काहीतरी म्हणत होता. मला वाटलं देवाचं नाव. नंतर लक्षात आलं, तुम्ही म्हणत होता, "माझ्यावर येऊ दे, माझ्यावर येऊ दे."

स्वरदा डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. आधी तुमच्यापाशी गेल्या, तुमच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, कणा नीट आहे. वरपासून खालपर्यंत मिटलाय." तुम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलात, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं. मग तुम्ही पदर तोंडावर घेतलात. सगळा दवाखाना वळून बघत होता. या वेळी गोठा जवळ नव्हता ना?

मी रडले नाही. मी तशीच उभी होते, कारण दार उघडून राजनंदिनी बाहेर आली होती. चेहरा घामेजलेला, ओढणी एका खांद्यावर. तिनं तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"मला भूक लागलीय."

चतुराताई, ती दोन वर्षांची असल्यापासून तिच्या तोंडून हे मी ऐकलेलं नाही. माझ्या घरी मी विचारायचे, जेवलीस का. तुमच्या घरी तुम्ही वाढायचात. खायला घालणाऱ्या आपण, उपास सांगणाऱ्याही आपणच. तिला भूक लागते का हे कुणी तिला बोलूच दिलं नव्हतं. आणि ती आज भर दवाखान्यात, चारचौघांत, खणखणीत आवाजात बोलली. तुम्हालाही ऐकू गेलं.

मग आपण दोघींनी एकदमच पिशवीत हात घातला. माझ्या डब्यात थालीपीठ होतं, तुमच्या डब्यात मेथी आणि भाकरी. दोघीही "माझा आधी" म्हणून तिच्यापुढं धरून उभ्या. कृष्णाराव हसू दाबत बाजूला झाले. राजनंदिनीनं आपल्या दोघींनाही बाकावर बसवलं, मध्ये स्वतः बसली, दोन्ही डबे मांडीवर घेतले आणि जेवायला लागली.

तुमची
विशाखा